काटकोनाची नजर आणि बाईंच्या रेघा

त्याच्या लग्नाच्या फोटोत नवरी समोर बघते आहे, दोन्हीकडचे नातेवाईक समोर बघताहेत, आणि नवरदेव पाठमोरा आहे. फोटोवाल्याने "तयार" म्हटलं नेमकं त्याच वेळी नवरदेवाला मागच्या भिंतीवरचं एक चित्र डावीकडे कललेलं दिसलं आणि ते सरळ करायला तो वळला. दुसरा फोटो काढायचं गडबडीत कुणाला सुचलं नाही. बायको पुढे चाळीस वर्षं आल्यागेल्याला तो फोटो दाखवून सांगत राहिली, "बघा, पहिल्याच दिवशी पाठ फिरवली." त्यावर तो शांतपणे म्हणायचा, "चित्र बघ की. किती सरळ आलंय."

त्याला सगळे काटकोन म्हणत. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचायची गरज कुणाला पडत नव्हती. दुकान फ्रेमांचं. पुढच्या खोलीत काउंटर आणि भिंतभर पट्ट्यांचे नमुने, मागच्या खोलीत लांब टेबल, करवत, काचेचे तक्ते, सरसाचा वास आणि सगळ्यांवर लाकडाचा बारीक भुसा. वरच्या मजल्यावर संसार. बायको दिवसा काउंटरवर बसायची, कारण काटकोनाला गिऱ्हाइकाशी बोलता येत नसे. गिऱ्हाईक एक बोलत असताना तो त्याच्या खिशातल्या पेनाकडे बघत राहायचा. पेन तिरकं असलं की याचं लक्ष संपलं.

त्याची नजर म्हणजे गावगप्पांचा विषय होता. दातांच्या डॉक्टरने तोंडात चिमटा घातलेला असताना याने बोटाने खूण करून भिंतीवरचं प्रमाणपत्र सरळ करायला लावलं, ही गोष्ट डॉक्टर स्वतः सांगतो. कुणाकडे दुःखाच्या प्रसंगी भेटायला गेला तरी दोन मिनिटं गप्प बसून हळूच उठायचा आणि भिंतीवरची तसबीर केसभर उजवीकडे करून परत बसायचा. लोकांनी त्याबद्दल राग मानणं सोडून दिलं होतं.

कामातही तेच. चार पट्ट्या कापायच्या, सांधे चिकटवायचे, मग दोन पावलं मागे सरून डावा डोळा अर्धा मिटायचा आणि एकदाच बघायचं. त्यानंतर तो कोपऱ्याला गुण्या लावायचा, पण तो आपला साक्षीदार म्हणून. गुण्या म्हणजे काटकोन तपासायची ती लोखंडी पट्टी. चाळीस वर्षं ती बिचारी प्रत्येक वेळी "हो, बरोबर आहे" एवढंच सांगत आली होती.

अशा माणसाकडे एक दिवस गणिताच्या बाई आल्या.

बाईंनी या रस्त्यावरची दोन पिढ्यांची अंकगणितं तपासली होती. शेजारच्या दुकानातला शिंपी त्यांचा विद्यार्थी, काटकोनाचा मेहुणाही त्यांचाच. मेहुणा आता शाळेची बस चालवतो, चांगला पन्नाशीचा आहे, पण बाई समोरून आल्या की अजून रस्ता ओलांडतो. वहीत रेघ वाकडी आली की बाई काही बोलत नसत. फक्त ते पान फाडून हातात द्यायच्या.

बाईंच्या काखेत पुठ्ठ्याचं नळकांडं होतं. "माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने पाठवलंय," त्या म्हणाल्या. "आता मोठा गणिती झालाय, आणि गणितातून चित्रं करतो. पांढरं माउंट घाला, पट्टी काळी, साधी. मी दहा दिवस बहिणीकडे चाललेय, आल्यावर नेईन. आणि अहो काटकोन, त्यातल्या रेघा सांभाळा हं. सगळी गंमत रेघांतच आहे." एवढं बोलून त्या बस पकडायला गेल्याही.

काटकोनाने आधी हात धुतले, मग कागद बाहेर काढला. जाड, सुती, हाताला किंचित दाणेदार लागणारा कागद. खाली डावीकडे पेन्सिलीने १२/६० असा आकडा, उजवीकडे सही. म्हणजे अशा साठच प्रती छापलेल्या, त्यातली ही बारावी; हिला ओरखडा पडला तर बारावी पुन्हा व्हायची नाही. चित्र म्हणाल तर नुसत्या आडव्या रांगा. प्रत्येक रांगेत काळा चौकोन, पांढरा चौकोन, परत काळा, परत पांढरा. दोन रांगांच्या मधून राखाडी रंगाची एक बारीक रेघ. रांगा मात्र एकीखाली एक नेमक्या बसवलेल्या नव्हत्या. एक थोडी सरकलेली, पुढची आणखी थोडी, मग त्याखालची परत मागे. कुठली किती सरकवायची हे त्या गणित्याने कसल्याशा आकडेमोडीतून ठरवलेलं असणार.

दुपारपर्यंत माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, कापून झालं, फ्रेम झाली, काच पुसून बसवली. काटकोनाने ती टेबलावर उभी केली, दोन पावलं मागे गेला, डावा डोळा अर्धा मिटला.

वाकडं.

वरची राखाडी रेघ डावीकडे उतरत होती. तिच्या खालची उजवीकडे. तिसरी परत डावीकडे. माउंटच्या कडेशी एकीचंही जमत नव्हतं. काटकोनाला वाटलं, चिकटवताना कागद सरकला. पाठीचा पुठ्ठा काढला, कागद सोडवला, परत बसवला. वाकडं. मग माउंटचीच खिडकी तिरकी कापली गेली असेल म्हणून नवा पुठ्ठा घेऊन नवं माउंट कापलं. वाकडं. तिसऱ्या दिवशी फ्रेमच नवी केली. ती उभी करून मागे सरला. तीही वाकडी.

तेव्हा त्याने गुण्या लावला. चारही कोपरे चोख. पट्टीने माउंटच्या कडेपासून पहिल्या रेघेपर्यंतचं अंतर मोजलं, डाव्या टोकाला आणि उजव्या टोकाला. सारखं. दुसऱ्या रेघेचं मोजलं. सारखं. मागे सरून बघितलं तर त्या रेघा तशाच घसरलेल्या.

नजर आणि गुण्या यांचं भांडण पहिल्यांदाच लागलं होतं, आणि लोखंड काही म्हातारं होत नाही. काटकोन स्टुलावर बसला. मोतीबिंदू झाला असता तर त्याला इतकं वाटलं नसतं, त्यावर इलाज असतो. पण सरळ गोष्ट वाकडी दिसायला लागली, तर फ्रेमवाल्याने करायचं काय?

चित्रच तसं असेल, हे एकदासुद्धा त्याच्या डोक्यात आलं नाही. येणार कसं? बाईंकडून आलेलं चित्र, गणित्याने काढलेलं. गणितात कुठे वाकडी रेघ असते का?

त्याने बायकोला हाक मारली. "अगं, जरा इकडे ये. हे सरळ आहे का बघ."

आता घरातली गोष्ट बाहेर सांगू नये म्हणतात, पण इथे सांगितल्याशिवाय भागायचं नाही. बायकोने फ्रेमकडे बघितलं आणि तिला ती स्वच्छ वाकडी दिसली. नुसती वाकडी नाही, चांगली फेंगडी. पण ती हादरली ती वेगळ्याच गोष्टीने. चाळीस वर्षांत या माणसाने "सरळ आहे का" असं कुणाला विचारलं नव्हतं. शिवाय तीन दिवस तो एकच फ्रेम उघडतोय आणि बंद करतोय हे ती काउंटरवरून बघत होती. तिला वाटलं, हात गेला याचा. वय झालं. हे आपण तोंडाने म्हटलं तर हा माणूस उद्यापासून अंथरूण धरेल.

"सरळ आहे की," ती म्हणाली. "अगदी सरळ."

काटकोनाने मान हलवली आणि खिळे मोजत बसला.

एवढ्यावर थांबली असती तर ती बायको कसली. ती लगेच शेजारी शिंप्याकडे गेली. "हे बघा, ते तुम्हाला एक फ्रेम दाखवतील. वाकडी आहे. पण सरळ म्हणायचं."

"वहिनी, मी रोज लोकांना 'पोट दिसत नाही' म्हणून सांगतो," शिंपी म्हणाला. "मला काय शिकवता?"

मग तिने भावाला फोन केला. तिथे मात्र जरा दम द्यावा लागला, कारण तिच्या भावाने आयुष्यात भावजींच्या एकाही वाक्याला हो म्हटलं नव्हतं. काटकोन म्हणाला आज उकडतंय, की हा स्वेटर घालायचा.

संध्याकाळी शिंपी आला, गळ्यात टेप तशीच. फ्रेमकडे बघून त्याने डोळे बारीक केले आणि म्हणाला, "हिच्यावर कापड ठेवून कापावं, इतकी सरळ." दुसऱ्या दिवशी बस लावून मेहुणा आला.

"बघ रे," काटकोन म्हणाला. "मला ही वाकडी वाटते."

मेहुण्याने बघितलं. बहीण दारात उभी होती, तिच्याकडेही बघितलं. "नाही भावजी," तो कसाबसा म्हणाला. "सरळ आहे."

"नीट बघून सांग."

"नीटच बघितलं. तुमचं... तुमचं काम म्हणजे काय. छानच असतं."

काटकोनाने हाय खाल्ली ती इथे. बायको प्रेमाने बोलेल, शिंप्याला गोड बोलायची सवय. पण मेहुण्यानेसुद्धा कौतुक केलं, म्हणजे आपलं काही खरं नाही.

तो चष्मेवाल्याकडे गेला. त्याने अक्षरांच्या ओळी वाचून घेतल्या, डोळ्यांत दिवा मारला, भिंगं बदलून बघितली. "नंबर तोच आहे," तो म्हणाला. "या वयाला एवढे चांगले डोळे मी तरी बघितले नाहीत." दुसरा कुणी खूश झाला असता. काटकोन मात्र मान खाली घालून बाहेर पडला. डोळे चांगले आहेत म्हणजे बिघाड त्यांच्या वर, डोक्यात आहे, असा हिशोब त्याने वाटेतच मांडला होता.

त्या आठवड्यात त्याने एकही नवी पट्टी कापली नाही. जेवताना ताटाकडे टक लावून बघायचा. एकदा बायकोने विचारलं, "काय बघताय?" तर म्हणाला, "गोल आहे ना हे?" ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि उगाचच नळ सोडून उभी राहिली.

आता खरी अडचण. नव्या वाचनालयाच्या ग्रंथपालाने त्याला बत्तीस जुने फोटो दिले होते. शंभर वर्षांपूर्वीचे रस्ते, पूल, दुकानं. सगळे फ्रेम करून वाचनाच्या लांब खोलीत एका ओळीत लावायचे होते. असं काम फ्रेमवाल्याच्या नशिबात एकदाच येतं. साठ पावलांची ती भिंत काटकोन तीन वेळा नुसती बघून आला होता. ती भिंत आठवून आता त्याला घाम फुटायला लागला. एक फ्रेम वाकडी दिसली तर घरात झाकता येते. बत्तीस फ्रेमा गावासमोर काय झाकणार?

नवव्या दिवशी त्याने ग्रंथपालाला फोन केला. "तुमचं काम माझ्याच्याने होणार नाही. फोटो घेऊन जा."

"अहो, पण का?" ग्रंथपाल म्हणाला.

"दुकान आवरतोय."

बायको काउंटरवर ऐकत होती. तिने काही विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. दोघं त्या दिवशी एकमेकांशी इतकं गोड बोलली, की पाहुणे आले असते तर घाबरून परत गेले असते.

दहाव्या दिवशी सकाळी बाई आल्या. काउंटरजवळ बायको होती, सुई मागायच्या निमित्ताने शिंपी आलेला होता, आणि ताईची चिंता म्हणून मेहुणाही येऊन बसला होता. बाईंना बघून तो उभा राहिला.

काटकोनाने फ्रेम आणून काउंटरवर ठेवली आणि बाईंकडे न बघता म्हणाला, "बाई, खरं सांगतो. हे माझं शेवटचं काम. तीनदा उघडून तीनदा बसवलं. माप सगळं बरोबर आहे, सगळे सरळ म्हणतात. पण मला रेघा वाकड्या दिसतात. माझी नजर गेली. तुम्हाला चालत नसेल तर दुसरीकडून करून घ्या."

बाईंनी फ्रेम हातभर लांब धरली. बराच वेळ बघितलं. "वाकड्याच आहेत," त्या समाधानाने म्हणाल्या. "मलाही दिसतात. झकास दिसतात."

 मग शिंपी खाकरला. "बाई, मलाही वाकड्याच दिसल्या होत्या. पण वहिनी म्हणाल्या..."

"मला बघताक्षणीच," मेहुणा म्हणाला. "मी तर सांगणारच होतो. ताईने गळा धरला."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?" बाई म्हणाल्या. "शाळेतही उत्तर येत असून गप्प बसायचास."

काटकोन बायकोकडे वळला. "आणि तू?"

"मला वाटलं तुमचा हात गेला," ती म्हणाली. "तुम्हाला कसं सांगू?"

"मला वाटलं माझं डोकं गेलं. तू सरळ म्हणालीस म्हणून."

"कुणाचं काही गेलेलं नाही," बाई म्हणाल्या. "शिंपीदादा, जरा पांढरा दोरा द्या. ताणून धरा. या रेघेवर. हं. आता बघा."

शिंप्याने एका टोकाला दोरा धरला, मेहुण्याने दुसऱ्या. काचेवरून दोरा ताणला आणि खालची राखाडी रेघ त्याच्याखाली टोकापासून टोकापर्यंत गपचूप झाकली गेली. मग पुढची. मग तिच्या पुढची. सगळ्या सरळ, एकमेकींना समांतर, माउंटच्या कडेलाही समांतर. दोरा काढला की परत घसरायला लागायच्या. बाईंनी कागदाच्या दोन पट्ट्या घेऊन एका रेघेच्या वरचे आणि खालचे चौकोन झाकले. उरलेली एकटी रेघ नवी कोरी सरळ. पट्ट्या उचलल्या, की वाकडी.

"रेघा सरळच आहेत," बाई म्हणाल्या. "पण काळे-पांढरे चौकोन असे सरकवले की निरोगी डोळा फसतोच. कुठली रांग किती सरकवली तर जास्तीत जास्त फसेल, हेच तर त्याने गणिताने काढलंय. ज्याला हे सरळ दिसेल त्याने डॉक्टरकडे जावं. म्हणून तर म्हटलं होतं, रेघा सांभाळा, सगळी गंमत तिथे आहे."

"गंमत," काटकोन म्हणाला. त्याने पट्ट्या स्वतःच्या हातात घेतल्या. झाकलं, उघडलं. झाकलं, उघडलं. सात-आठ वेळा तरी केलं असेल. मग त्याच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. बायको घाबरून पुढे झाली, पण तो हसत होता. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हसता हसता स्टुलावर बसला आणि दहा दिवसांनी पहिल्यांदा त्याने पाय पसरले.

बायकोही हसली असती, पण तिला आधी भांडायचं होतं. "आठवडाभर मी झोपले नाही," ती म्हणाली. "तुम्हाला डोळ्यांचं होतं तर तोंडाने सांगायचं होतंत."

"सांगितलं की. सरळ आहे का विचारलं."

"त्याला सांगणं म्हणतात?"

"आणि तू केलंस त्याला काय म्हणतात?"

"आधी तो फोन करा," बाई मध्येच म्हणाल्या. वाचनालयाचं त्यांना शिंप्याने एव्हाना कानात सांगून टाकलं होतं. शिंप्याची शिलाई टिकते, पण पोटात काही टिकत नाही. "भांडण काय, संध्याकाळी करता येईल."

काटकोनाने फोन लावला. सगळे श्वास रोखून उभे. ग्रंथपाल म्हणाला, "मी कुठे दुसऱ्याला दिलंय? तुमचा आवाज ऐकून मला वाटलं घरात काही झालंय. म्हटलं चार दिवस जाऊ देऊ."

"मग सोमवारपासून लागतो," काटकोन म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याने इतका लांब श्वास सोडला, की काउंटरवरचा भुसा उडाला. मेहुणा म्हणाला, "मला नाही वाटत सोमवारपर्यंत लाकूड मिळेल." सगळ्यांना फार बरं वाटलं. जग ताळ्यावर आलं होतं.

त्या संध्याकाळी भांडण झालं, पण मन लागलं नाही. शेवटी काटकोनाने एकच अट घातली. यापुढे वाकडं दिसलं तर वाकडं म्हणायचं, मग त्याचा जीव जाईना का. बायको म्हणाली, ठीक आहे, पण मग ऐकून घ्यावं लागेल. आणि लगेच त्याच्या आवडत्या तपकिरी कोटाबद्दल तिला काय वाटतं ते सांगून मोकळी झाली. कोट त्याने अजून घालायचा सोडलेला नाही. तेवढं स्वातंत्र्य माणसाला हवं.

महिन्याभराने बत्तीस फ्रेमा तयार झाल्या. लावायच्या दिवशी बायको म्हणाली, मीही येते. याआधी ती कधी कामावर आली नव्हती. वाचनाच्या खोलीत अजून टेबलं लागली नव्हती. लांब रिकामी भिंत, भिंतीला शिडी आणि वर काटकोन, तोंडात खिळे धरलेला. अशा कामात फ्रेमवाल्याची खरी दमछाक शिडीवर होते. वरून ओळ दिसत नाही. प्रत्येक फ्रेम टांगली की उतरायचं, खोलीच्या टोकाला जायचं, डावा डोळा मिटायचा, परत यायचं, परत चढायचं. गुडघे आधीच कुरकुरत होते.

नऊ फ्रेमा झाल्या. दहावी टांगून तो उतरायला लागला तेव्हा टोकाला उभ्या असलेल्या बायकोने हाक मारली.

"उतरू नका. ही बरोबर आहे. पण सातवी बघा. केसभर खाली आहे."

"सातवी मी बघितली आहे."

"असेल बघितलेली. खाली आहे."

तो उतरला. टोकाला गेला, तिच्या शेजारी उभा राहिला, डोळा मिटला. परत जाऊन फ्रेमांच्या खालून दोरी ताणली. सातवी दोरीला टेकली होती. बाकीच्यांत आणि दोरीत केसभर फट होती.

त्याने सातवी वर घेतली आणि वळून बायकोकडे बघत राहिला. "तुला असं केव्हापासून दिसतं?"

"दुकानात बसते तेव्हापासून," ती म्हणाली. "तुम्ही कधी विचारलं नाहीत."

काटकोनाने यावर विचार केला. मग अकरावी फ्रेम काखेत मारून तो शिडी चढला, खिळ्यावर टांगली, आणि खाली न उतरता, मानसुद्धा न वळवता विचारलं, "ही कशी आहे?"

"डावीकडून जरा वर घ्या," ती म्हणाली. "हं. राहू द्या."

त्याने राहू दिली.